धारवाडची मोजपट्टी, सोलापूरचे मूल

लहान मुलाच्या मेंदूची मानसशास्त्रीय तपासणी यंत्रावर होत नाही. एक टेबल, दोन खुर्च्या, रंगीत लाकडी ठोकळे, चित्रांची पाने, पेन्सिल, स्टॉपवॉच आणि आधीपासून ठरवून ठेवलेले प्रश्न एवढे साहित्य पुरते. मूल किती वेळ लक्ष टिकवते, ऐकलेले शब्द अर्ध्या तासाने किती आठवते, नमुना पाहून आकृती कशी काढते, सूचना समजून त्याप्रमाणे हात हलवते का, चुकल्यावर रीत बदलते का, याची नोंद होते. मग ती त्याच वयाच्या इतर मुलांच्या नोंदींशी ताडून पाहिली जाते. पालक याला सरसकट ‘आयक्यू टेस्ट’ म्हणतात. प्रत्यक्षात आयक्यू हा त्या तपासणीचा एक भाग असतो, आणि तिच्या इतिहासातला सर्वांत जुना. ही सगळी रचना दोन गोष्टींवर उभी आहे: प्रश्न कोणत्या भाषेत विचारला आणि तुलना कोणत्या मुलांशी केली. सोलापुरात या दोन्ही गोष्टी पहिल्यापासून अवघड होत्या.

१८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे तिलाच ‘जुनी मिल’ म्हणू लागले. गिरण्या आणि हातमाग यांच्यामागून निजामाच्या मुलखातले तेलुगू विणकर आले आणि शहराच्या पूर्व भागात त्यांच्या पेठा वसल्या. दक्षिणेला विजापूर जिल्ह्याची हद्द असल्याने कानडी इथे परकी कधीच नव्हती. अक्कलकोटकडच्या गावांत तर ती घरातलीच भाषा. मुसलमान वस्त्यांत दखनी बोलली जाई. बाजार, कचेरी आणि बहुतेक शाळा मराठी. महापालिकेच्या शाळा आजही मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार माध्यमांत भरतात. घरी एक, गल्लीत दुसरी आणि वर्गात तिसरी भाषा बोलणारे मूल या शहरात नवलाचे नाही. अशा मुलाला प्रश्न समजला नाही, की समजूनही उत्तर आले नाही, हे ठरवणे परीक्षकाला सोपे नसते.

चाचण्या येण्याआधी मुलांची वर्गवारी होतच होती, फक्त ती जन्मावरून होई. १९०९ च्या सुमारास इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींची वसाहत सोलापूरला वसवली गेली. तारेच्या कुंपणातली ही वसाहत मुंबई इलाख्यातल्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी होती. १९११ च्या कायद्याने अशा जमातींची मुले आईबापांपासून वेगळी काढून उद्योगशाळांत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. मूल कसे आहे हे पाहायची तिथे गरजच वाटत नव्हती, कारण ते कोणाचे आहे यावर सगळे ठरत असे. हा कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला. त्याच शहरात, वसाहत उभी राहिली त्याच सुमारास, अमेरिकन मराठी मिशनच्या मेरी हार्डिंग यांनी बालवाडी आणि बालवाडी शिक्षिकांचे प्रशिक्षण सुरू केले. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हातात ठोकळे देऊन ते काय करते हे पाहत बसणे हे तिथल्या शिक्षिकेचे कामच होते. दोन्ही ठिकाणी मूल प्रौढांच्या नजरेखाली होते. पण एका नजरेला उत्तर आधीच ठाऊक होते.

मोजमापाची कल्पना पॅरिसहून आली. नेहमीच्या वर्गात मागे पडणारी मुले कशी ओळखावीत, हा प्रश्न १९०४ मध्ये फ्रेंच सरकारने एका समितीपुढे ठेवला. आल्फ्रेद बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये सोप्यापासून अवघडापर्यंत तीस प्रश्नांची मालिका तयार केली. १९०८ च्या आवृत्तीत प्रश्न वयानुसार लावले आणि ‘मानसिक वय’ ही कल्पना रुजली. विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागले. पुढे त्याला शंभराने गुणायची पद्धत पडून बुद्ध्यंक तयार झाला. आठ वर्षांचे मूल सहा वर्षांच्या पातळीचे प्रश्न सोडवत असेल, तर त्याचा बुद्ध्यंक ७५. बुद्धी हा न बदलणारा आकडा आहे असे मानायला स्वतः बिने तयार नव्हते. योग्य शिकवण्याने ती वाढते असे त्यांचे ठाम मत होते. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांची मालिका महासागरापलीकडे गेली. १९१६ मध्ये लुइस टर्मन यांनी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात तिची अमेरिकन आवृत्ती केली. हिंदुस्थानात पहिला मोठा प्रयत्न लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजातील सी. हर्बर्ट राइस यांनी १९२२ पासून केला. त्यांची हिंदुस्थानी मालिका १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली.

सोलापूरच्या दृष्टीने खरी घटना घडली ती धारवाडला. धारवाड, बेळगाव, विजापूर आणि कारवार हे जिल्हे तेव्हा मुंबई इलाख्यात होते आणि त्या भागाला ‘मुंबई कर्नाटक’ म्हणत. शिक्षक-प्रशिक्षणाच्या क्षेत्रातले व्ही. व्ही. कामत यांनी स्टॅनफर्ड मालिका या भागातल्या मुलांसाठी नव्याने बांधायला घेतली, आणि तीही एकाच वेळी कन्नड व मराठी अशा दोन भाषांत. धारवाड भागातील हजाराहून थोड्या अधिक मुलांवर ती पडताळून पाहिली गेली. १९४० मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्यांचा इंग्रजी ग्रंथ काढला. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचे ते पुस्तक चौथ्या आवृत्तीपर्यंत गेले. चाचणीला लोक ‘बिने-कामत’ किंवा नुसते ‘कामत टेस्ट’ म्हणू लागले. राज्यांच्या सीमा ठरण्याच्या कितीतरी आधी तयार झालेली ही दोन भाषांची चाचणी सोलापूरसारख्या शहरासाठीच जणू केली होती. फरक एवढाच की सोलापूरच्या निम्म्या भाषा तिच्यात नव्हत्या.

चाचणीची रचना साधी आहे. तीन वर्षांपासून बावीस वर्षांपर्यंतच्या पातळ्या, आणि दहाव्या वर्षापर्यंत प्रत्येक पातळीवर सहा प्रश्न. एक प्रश्न सुटला की दोन महिने पदरात पडतात. सहाही सुटले की एक वर्ष. ज्या पातळीवर सगळे जमते तिथून सुरुवात करायची आणि जिथे एकही जमत नाही तिथे थांबायचे. मूल कंटाळत नाही, कारण प्रश्न सतत बदलत राहतात: आकृती उतरवून काढा, चित्रात काय चालले आहे ते सांगा, दोन वस्तूंत फरक काय, अमुक प्रसंगी काय कराल. परीक्षकाला महागडे साहित्य लागत नाही. छोट्या गावातल्या शिक्षकालाही हे करता यावे, ही दृष्टी त्या रचनेत आहे. ही चाचणी इतकी वर्षे टिकली ती मुख्यतः यामुळेच.

अमेरिकन मालिका तशीच्या तशी उतरवणे मात्र शक्य नव्हते. टर्मनच्या यादीत सहाव्या वर्षी नाणी ओळखायची होती, सातव्या वर्षी दोरीची सरफास गाठ मारायची होती आणि नवव्या वर्षी यमके जुळवायची होती. नाडीचे बूट रोज घालणाऱ्या मुलाला गाठीचा सराव असतो. अनवाणी शाळेत येणाऱ्याला नसतो, आणि त्याचा बुद्धीशी काही संबंध नाही. नाण्यांचे तर दुहेरी संकट. परदेशी नाण्यांच्या जागी आणे-पै आणले, तरी १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि आण्यांवर बेतलेला कोणताही प्रश्न एका पिढीत शिळा झाला. यमकांचे भाषांतर होत नाही. ती त्या त्या भाषेत नव्याने शोधावी लागतात.

सर्वांत निरुपद्रवी वाटणारा प्रश्न म्हणजे ऐकलेले अंक पुन्हा म्हणून दाखवणे. अंक सर्वांना सारखेच, असे वाटते. पण मराठीत एक ते नऊपैकी सहा आणि नऊ सोडले तर प्रत्येक अंक एका उच्चारात संपतो. कन्नडमध्ये ओंदु, एरडु, नाल्कु, ओंबत्तु असे दोन-तीन अक्षरांचे शब्द आहेत, आणि तेलुगूत तर नालुगु, एनिमिदि, तोम्मिदि. म्हणायला वेळ जास्त लागला की मनात धरून ठेवता येणारे अंक कमी होतात. वेल्श आणि इंग्रजी या दोन्ही भाषा बोलणाऱ्यांवर १९८० मध्ये झालेल्या अभ्यासात हे स्पष्ट दिसले. वेल्शमध्ये अंकस्मरण कमी भरत असे ते स्मरणशक्तीमुळे नव्हे, तर त्या भाषेतले अंक म्हणायला लांब होते म्हणून. सोलापूरच्या एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांना आपापल्या घरच्या भाषेत सात अंक दिले, तर दोघांना दिलेले काम सारखे नसते. मराठी मुलांवरून ठरवलेली मानके तेलुगू मुलाला लावताना हे विसरले जाते.

कामतांची चाचणी येईपर्यंत मुंबईत दुसरा प्रवाह सुरू झाला होता. अमेरिकन मराठी मिशनच्याच नागपाडा नेबरहूड हाऊसमधून काम करणारे क्लिफर्ड मॅनशार्ट १९३६ मध्ये निघालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाचे पहिले संचालक झाले. १९३७ मध्ये त्या संस्थेत देशातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र उघडले. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक यांनी एकाच मुलाकडे मिळून पाहायचे, ही पद्धत तिथून आली. घरची परिस्थिती, जन्माची हकिगत, आजारपणे, शाळेचे म्हणणे हे सगळे आधी ऐकून मगच चाचणीला बसवण्याची शिस्त आजच्या तपासणीतही तीच आहे. चिल्ड्रन्स एड सोसायटीने १९४१ मध्ये मानखुर्दला मंदबुद्धी मुलांसाठी गृह सुरू केले. १९४४ मध्ये वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने मुंबईत काढलेली शाळा पुढे जय वकील शाळा म्हणून नावारूपाला आली. मुलाला कोणत्या शाळेत घालायचे, या प्रश्नामुळे चाचणीची गरज वाढत गेली.

निरक्षर घरातल्या मुलांचे काय, याचे उत्तर उत्तर प्रदेशातून आले. सी. एम. भाटिया यांनी १९५५ मध्ये अकरा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी पाच कृतिचाचण्यांचा संच प्रसिद्ध केला. त्यात ठोकळे जुळवणे, चित्राचे तुकडे लावणे अशी हाताने करायची कामे होती. त्याची मानके शाळेत जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या मुलांसाठी वेगवेगळी होती. हा विचार त्या काळी नवा होता.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर कामतांनंतरचे मोठे नाव नागपूरचे डॉ. आर्थर जे. मॅलिन. त्यांनी डेव्हिड वेक्स्लर यांची १९४९ ची मुलांसाठीची बुद्धिमापन श्रेणी इंग्रजी, हिंदी आणि मराठीत आणली. १९६९ मध्ये नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रातून तिची पुस्तिका निघाली. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठीच्या या श्रेणीत सहा शाब्दिक आणि पाच कृतीच्या उपचाचण्या आहेत. कामत चाचणी शेवटी एकच आकडा देते. मॅलिनची श्रेणी शाब्दिक आणि कृतीचा असे दोन वेगळे आकडे देते, आणि कधी कधी त्या दोघांमधले अंतर हीच सर्वांत महत्त्वाची माहिती असते. बोलण्यात मागे पण ठोकळ्यांत हुशार असलेले मूल इथे प्रथम कागदावर दिसू लागले. सोलापूरच्या परक्या माध्यमात शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे अंतर वाचताना दुप्पट सावधगिरी लागते. शाब्दिक आकडा खाली असण्याचे कारण मेंदूत असेल किंवा पत्त्यात.

मॅलिन यांनी आणखी एक मोजपट्टी भारतीय केली. तिचा प्रभाव कदाचित पहिलीपेक्षाही जास्त आहे. अमेरिकेतील न्यू जर्सीच्या व्हाइनलँड येथे एडगर डॉल यांनी १९३५ मध्ये सामाजिक परिपक्वतेची श्रेणी बनवली होती. तिच्या मॅलिनकृत रूपात जन्मापासून पंधरा वर्षांपर्यंतच्या ८९ नोंदी आहेत. मूल हाताने जेवते का, बटणे लावते का, दुकानातून वस्तू आणते का, एकटे शेजारच्या गल्लीत जाते का, असे हे प्रश्न मुलाला नव्हे तर त्याच्या आईला विचारायचे असतात. त्यामुळे ते आईच्या भाषेत विचारता येतात. चार भाषांच्या शहरात ही केवढी मोठी सोय!

अगदी तान्ह्या मुलांसाठीचे काम बडोद्यात झाले. प्रमिला फाटक यांनी तिथल्या बाळांवर दीर्घकाळ अभ्यास करून बाळांचा विकास मोजणाऱ्या बेली श्रेणीची भारतीय मानके तयार केली. त्यांची १९९७ ची सुधारित आवृत्ती पुण्याहून प्रसिद्ध झाली. शून्य ते तीस महिन्यांच्या बाळासाठी ६७ नोंदी हालचालींच्या आणि १६३ मानसिक विकासाच्या. अपुऱ्या दिवसांच्या किंवा जन्मताच न रडलेल्या बाळांचा पाठपुरावा पुण्याच्या केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षे झाला, त्यालाही अशा मोजपट्ट्यांचाच आधार होता. मोजपट्टीचे दुसरे टोकही पुण्यातच वापरात आले. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये स्थापलेल्या ज्ञान प्रबोधिनीने मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या सिद्धांतावर बुद्धिमान मुले निवडण्याच्या कसोट्या बांधल्या. संस्थेचे काम पुढे सोलापुरातही आले.

इथवरच्या सगळ्या चाचण्या ‘किती’ हे सांगत होत्या. मेंदूचा कोणता भाग, कोणते काम, हे विचारणारी विद्या वेगळ्या वाटेने आली. युद्धात डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांना तपासताना सोव्हिएत रशियातील अलेक्झांडर लुरिया यांच्या लक्षात आले की वाचणे किंवा हिशेब करणे हे मेंदूतल्या एका कप्प्याचे काम नाही. ती अनेक भागांची साखळी असते आणि कडी कुठे तुटली त्यावर चुकीचे स्वरूप ठरते. अमेरिकेत वॉर्ड हॅलस्टेड आणि राल्फ राइटन यांनी मेंदूच्या इजेसाठी चाचण्यांचे संच बांधले. मुलांना हे ज्ञान जसेच्या तसे लावता येत नाही. मोठ्या माणसाचा मेंदू शिकलेले गमावतो. मुलाचा मेंदू अजून शिकतोच आहे. सहाव्या वर्षी झालेल्या मेंदूज्वराचा किंवा क्षयाच्या मेंदूआवरणदाहाचा परिणाम कधी चौथी-पाचवीत, अभ्यास अवघड झाल्यावर दिसतो. अपस्मार, डोक्याला मार, जन्मावेळी प्राणवायू कमी पडणे, कर्करोगावरचे उपचार अशा गोष्टींतून गेलेल्या मुलांना सरासरी बुद्ध्यंक असूनही शाळा झेपत नाही. ते का, हे एकटा आकडा सांगू शकत नाही.

भारतात ही विद्या बंगळुरूला वाढली. १९५४ मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेचे १९७४ मध्ये निम्हान्समध्ये रूपांतर झाले आणि मेंदूशल्यविशारद व मानसशास्त्रज्ञ एका आवारात आले. २००४ मध्ये भूमिका कर, शोभिनी राव आणि सहकाऱ्यांनी पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी निम्हान्सचा स्वतंत्र संच तयार केला. बोटाने ठराविक वेळात किती टकटक करता येते यावरून हालचालीचा वेग कळतो. दोन हातांच्या वेगातला मोठा फरक मेंदूच्या एका बाजूकडे बोट दाखवतो. रंगीत वर्तुळे क्रमाने जोडताना लक्ष बदलण्याची क्षमता दिसते. शब्दांची यादी पुन्हा पुन्हा ऐकवून आणि काही वेळाने परत विचारून शिकण्यातली अडचण आणि आठवण्यातली अडचण वेगळी काढता येते. शिकताना यादी बसतच नसेल तर उपाय वेगळा. बसून नंतर निसटत असेल तर वेगळा. अशा अहवालातून शिक्षकाला हाताशी धरता येईल असे काही मिळते, आणि जुन्या बुद्ध्यंकाच्या तुलनेत या संचाचा मोठा फायदा हाच आहे.

वाचन-लेखनाच्या विशिष्ट अडचणींची हकिगत मात्र पुन्हा महाराष्ट्रात परतते. १९९६ मध्ये महाराष्ट्र शासनाने अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेतून सूट, गणिताला पर्याय अशा सवलती दिल्या. देशात हे पाऊल उचलणाऱ्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. त्याच वर्षी मुंबईत पालकांच्या पुढाकाराने महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन निघाली, आणि शीव रुग्णालयातल्या अध्ययन अक्षमता क्लिनिकसमोर रांगा लागू लागल्या. २००७ च्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने हा विषय घराघरांत नेला. पण चाचण्या मुख्यतः इंग्रजीत होत्या. निम्हान्सचा अध्ययन अक्षमतेचा संचही इंग्रजी वाचन-लेखनावर बांधलेला आहे. मुंबईच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलाला तो चालतो. सोलापूरच्या मराठी, कन्नड किंवा तेलुगू शाळेतल्या मुलाला इंग्रजी परिच्छेद वाचायला देऊन डिस्लेक्सिया शोधणे निरर्थक आहे. देवनागरीत अडखळण्याच्या जागाही वेगळ्या असतात: जोडाक्षरे, ऱ्हस्व-दीर्घ, काना-मात्रा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये धडपडणारे मूल मराठीत बरोबर पण फार हळू वाचताना सापडते.

मोजमापाला कायद्याचे वजन आले ते २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने. १९९५ च्या कायद्यात नसलेली विशिष्ट अध्ययन अक्षमता दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत आली. २०१८ च्या नियमावलीने प्रमाणपत्रासाठी आठ वर्षे पूर्ण होण्याची अट घातली आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी ठरवली. बौद्धिक दिव्यांगत्वाची टक्केवारी काढताना व्हाइनलँड श्रेणीच्या गुणांना स्थान मिळाले: ५५ ते ६९ गुण म्हणजे सौम्य आणि ५० टक्के, ३६ ते ५४ म्हणजे मध्यम आणि ७५ टक्के. नागपूरला बेतलेल्या त्या ८९ नोंदींवर आता शिष्यवृत्ती, बसपास आणि आरक्षण ठरते. एका-दोन गुणांनी कुटुंबाचे गणित बदलते. त्यामुळे आईच्या उत्तरांवर ताण येतो आणि परीक्षकाच्या प्रामाणिकपणावरही. सोलापूर जिल्ह्यातल्या कुटुंबांना यासाठी शासकीय रुग्णालयाच्या मंडळापुढे जावे लागते. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाशी हे रुग्णालय जोडलेले आहे. दरम्यान फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने अंगणवाडी आणि शाळेतच मुलांची प्राथमिक तपासणी सुरू केली. पुढच्या तपासणीसाठी मुलांना जिल्हा पातळीवर पाठवण्याची साखळीही त्याने बांधली.

भाषेच्या बाजूने पहिली भरीव भर २०१५ मध्ये पडली. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या पुढाकाराने ‘डाली’ हा डिस्लेक्सियाचा संच निघाला. हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या त्याच्या पहिल्या भाषा. कामतांनंतर पाऊणशे वर्षांनी मराठी आणि कन्नड पुन्हा एका संचात आल्या, आणि या वेळी प्रश्न त्या त्या लिपीतून घडवलेले होते. पूर्व भागातल्या तेलुगू घरातले, मराठी शाळेत जाणारे मूल समोर आले, तर जाणकार मानसशास्त्रज्ञ आजही एका चाचणीवर भिस्त ठेवत नाही. मूल कोणत्या वर्षापासून कोणती भाषा ऐकते ते आधी विचारून घेतो. ठोकळे, आकृत्या आणि रंगांच्या शब्दरहित कसोट्या प्रथम घेतो. सूचना दोन्ही भाषांत देऊन मूल कोणत्या भाषेत हलते ते पाहतो. वाचन मात्र शाळेच्याच भाषेत तपासतो. व्हाइनलँडचे प्रश्न आईला तेलुगूत, गरज पडली तर दुभाष्याकरवी विचारतो. अहवालात बुद्ध्यंकाच्या आकड्याशेजारी चाचणी कोणत्या भाषेत घेतली आणि मानके कोणत्या मुलांची लावली, हेही लिहितो.